बुढी गंडकीकाठची भाऊबीज

परदेशी जाऊन आलो असे सांगितले की मंडळी आधी विमानाची चौकशी करतात. तिथे माझी पंचाईत होते. मी पुण्याहून गोरखपूरला रेल्वेने गेलो, तिथून सोनौलीपर्यंत बसने, आणि देशाची सीमा ओलांडली ती पाठीवर पिशवी टाकून चक्क पायी. मतदार ओळखपत्र वरच्या खिशात तयार ठेवले होते, तेही कोणी मागितले नाही. पलीकडे गेल्यावर घड्याळ पंधरा मिनिटे पुढे करायचे, एवढाच काय तो परदेश. चहाच्या टपरीवर दिनदर्शिका होती, तिच्यावर मात्र साल २०७२ होते. नेपाळात विक्रम संवत चालतो. आपल्याकडे तेव्हा २०१५ चालू होते.

मी शेतीखात्यातला माणूस. गावोगाव फिरून बियाण्याचे, खताचे, रोपवाटिकेचे सांगणे हा माझा धंदा. आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम भागात नोकरी झाली. वाचकांना माळीण आठवत असेल. ३० जुलै २०१४ च्या सकाळी डोंगर खाली आला आणि दीडशेच्या आसपास माणसे गाडली गेली. त्या चिखलात उभा राहिलेला माणूस पुढे कुठे डोंगर हलला असे ऐकले की स्वस्थ बसू शकत नाही. वर्षही झाले नव्हते तोच २५ एप्रिल २०१५ ला नेपाळात भूकंप झाला. तीव्रता ७.८, केंद्र गोरखा जिल्ह्यातल्या बारपाक गावाजवळ, मृत्यू सुमारे नऊ हजार. पुण्यातली काही मंडळी तिकडे मदतीला जाणार होती आणि त्यांना शेतीतला एक माणूस हवा होता. मी हात वर केला.

आता रजा. रब्बीच्या तोंडावर तीन आठवडे रजा मागणाऱ्या माणसाकडे वरिष्ठ कसे बघतात ते नोकरदारांना सांगायला नको. "तिकडे जाऊन तुम्ही काय दिवे लावणार?" असा प्रश्नही झाला. शेवटी अर्जित रजा मिळाली आणि दसरा झाल्यावर आम्ही सातजण निघालो. इथले चार-पाच वाणांचे बियाणे न्यावे असे मनात होते. पण बियाणे असे सीमेपलीकडे नेता येत नाही, त्याबरोबर रोग-किडी जातात, म्हणून त्याला संगरोधाचे नियम आहेत. दुसऱ्याला नियम सांगणाऱ्याने तेवढे तरी पाळावे. सोबत फक्त कपडे, घोंगडी आणि माझे वीस-बावीस वर्षांचे शहाणपण घेतले.

प्रवासाची वेळ मात्र वाईट होती. नेपाळने २० सप्टेंबर २०१५ ला नवी राज्यघटना लागू केली. तराईतल्या मधेशी लोकांना ती मान्य नव्हती. आंदोलन पेटले आणि भारतातून जाणारा माल सीमेवरच अडला. नेपाळी लोक म्हणत, भारताने नाकेबंदी केली. आपले सरकार म्हणे, आंदोलनामुळे ट्रक पुढे जात नाहीत. खरे काय ते मोठ्यांनी ठरवावे. मी पाहिली ती ट्रकांची रांग आणि रिकामे पेट्रोलपंप. बसगाड्या निम्म्याही चालत नव्हत्या, आणि ज्या चालत त्यांच्या टपावर आतल्यापेक्षा जास्त माणसे. बुटवल, नारायणघाट, मुग्लिन, मलेखु, धादिंगबेसी असे टप्पे घेत आरुघाटला पोचायला आम्हाला दोन दिवस लागले. आरुघाट हा बुढी गंडकी नदीवरचा बाजार. तिथून वर दोन तास चढून गेले की आमचे गाव.

गाव म्हणजे डोंगराला बांधलेल्या पायऱ्या आणि पायऱ्यांवर पत्र्याची खोपटी. जुनी घरे दगड-मातीची होती. किल्लारीला जे झाले तेच इथे झाले, भिंतीचे जड दगड माणसांवर आले. फरक एवढाच की किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे आला, विसर्जनाची रात्र जागून माणसे झोपलेली होती. इथे तो दुपारी बाराच्या सुमाराला आला आणि वार शनिवार होता. नेपाळात शनिवारची सुट्टी असते, शाळा बंद होत्या, माणसे रानात होती. नाहीतर काय झाले असते, हे त्या गावातली बायामाणसे शाळेकडे बोट दाखवून सांगत. शाळेची एकच भिंत उभी होती.

ज्या घरी माझी उतरण्याची सोय झाली तिथे तीन बायका राहत. सासू, सून आणि नववीत शिकणारी नात. सुनेचा नवरा कतारला मजुरीला, भाऊ मलेशियाला. त्या डोंगरात घरोघर हीच कथा. तरुण पुरुष शोधून सापडायचा नाही. दोन म्हशी गोठ्याखाली गेल्या होत्या, एक शेळी आणि एक कुत्रा वाचला होता. नातीला हिंदी चांगले येई, ते तिने टीव्हीवर शिकलेले. तिने पहिल्याच दिवशी माझी फजिती केली. तिची आई मला "दाजु" म्हणू लागली, म्हणजे थोरला भाऊ, मी तिला काय म्हणू असे विचारले तर पोरगी म्हणाली, "बहिनी म्हणा." मला ऐकू आले वहिनी! दोन दिवस मी "वहिनी, वहिनी" करत होतो आणि घरात हसू दाबले जात होते. नेपाळीत बहिनी म्हणजे धाकटी बहीण. सासूबाईंना सगळे गाव आमा म्हणे, मीही म्हणू लागलो.

भाषेचे असे गमतीचे घाट पुष्कळ लागले. दळायचे ते जाँतो, जनावरांचे ते गोठ, मळणीचे ते खलो. जाते, गोठा, खळे! पाणी धरून भात लावायच्या जमिनीला ते खेत म्हणतात, म्हणजे आपले खाचर. वरच्या कोरडवाहू पायरीला बारी म्हणतात, म्हणजे आपले वरकस. पण एका शब्दाने मला फसवले, आणि शेतीची पदवी असूनही फसलो याची लाज वाटते. बारीत कोदो आहे असे ऐकून मी कोद्रा बघायला गेलो. पाहतो तो नाचणी! चांगली पोटरीपेक्षा उंच, बोटे मुठीसारखी आत वळलेली, कापणीला आलेली. नेपाळातला कोदो म्हणजे आपली नाचणी, आपला कोद्रा ते धान्यच निराळे.

आणि ही नाचणी त्यांनी घेतलेली कशी, ते शेतकरी वाचकांसाठी सांगतो. मार्च-एप्रिलमध्ये बारीत मका पेरतात. नाचणीचे रोप वेगळ्या वाफ्यात करतात. जुलै-ऑगस्टमध्ये मका उभा असतानाच त्याची खालची पाने काढून जनावरांना घालतात आणि मक्याच्या ओळींत नाचणीची लावणी करतात. थोड्याच दिवसांत मका निघतो आणि सगळे ऊन नाचणीला मिळते. मका आणि नाचणी मिळून एकाच पावसात दोन धान्ये, मध्ये नांगर नाही. आमच्या पश्चिम पट्ट्यात पाऊस फार, मका असा उभा राहील असे मला वाटत नाही, पण कमी पावसाच्या उतारावर हा प्रयोग करून पाहण्यासारखा आहे.

आमचे काम तीन प्रकारचे. पडक्या घरांचा ढिगारा उपसून दगड, लाकूड वेगळे काढायचे. थंडीच्या आत गोठे उभे करायचे. आणि माझ्याकडे कोबी, फुलकोबी, रायोच्या भाजीची रोपे तयार करण्याचे वाफे. रायो ही मोहरीच्या जातीतली रुंद पानांची भाजी. वाफे गादीसारखे उंच करणे, बी ओळीत टाकणे, रात्री प्लॅस्टिकचे आच्छादन, हे मी शिकवले. शिकवले म्हणजे बायका शांतपणे बघत राहिल्या आणि दुसऱ्या दिवशी माझ्यापेक्षा नीटस वाफे करून मोकळ्या झाल्या.

काम सारे "पर्म" पद्धतीने चाले. आज सगळ्यांनी माझ्या रानात, उद्या तुझ्या. मजुरी नाही, फक्त घामाची परतफेड. मी त्यांना आमची पडकई सांगितली. भीमाशंकरच्या बाजूला महादेव कोळी शेतकरी असेच एकमेकांच्या रानात राबून उतारावर भाताची खाचरे पाडतात. कुठे सावड, कुठे इर्जिक, नावे वेगळी. तेव्हा एक बाई म्हणाली, "मग तुमचं पर्म आमच्यावर चढलं. फेडायला कुठे यायचं?" मी पत्ता सांगितला. ती म्हणाली, तेवढ्या लांब डोको पाठीला लावून कोण येणार! डोको म्हणजे बांबूची उभी टोपली. तिचा पट्टा कपाळावर घेऊन या बायका दगडसुद्धा वाहून नेत. मी एकदा उचलून पाहिली. मान तीन दिवस वळत नव्हती.

आता त्या डब्याची गोष्ट.

ढिगारा उपसताना, सहा महिन्यांनी, आमांचा बियाण्याचा डबा सापडला. वनस्पती तुपाचा जुना पत्र्याचा डबा, एका बाजूने चेपलेला, झाकण शेण-मातीने लिंपलेले. आत नाचणी, राखेत मिसळलेली, मध्ये तितेपातीची सुकी पाने. कडुलिंबाचा पाला आपण घालतो तसा. ही त्यांच्या घरची जुनी नाचणी, त्यांच्या सासूच्या हातची. भूकंपानंतर त्यांनी शेजारच्या गावातून रोपे आणून बारी लावली होती, पण ते पीक घरचे नव्हे असे त्या म्हणत. डबा उघडताना सगळे भोवती जमले. वरचा थर बुरशीने गठ्ठा झालेला, कुबट वास. मी चिमूटभर हातात घेतली, वास घेतला आणि तज्ज्ञाच्या आवाजात म्हणालो, "हे गेलं. पूर्ण पावसाळा ढिगाऱ्याखाली काढलाय. कोंबड्यांनाही घालू नका, बुरशी आहे."

नातीने ते भाषांतर करून सांगितले. आमा काही बोलल्या नाहीत. डबा उचलून आत गेल्या.

चौथ्या दिवशी सकाळी मी चुलीजवळ चहा पीत बसलो होतो. आमांनी एक ओले फडके माझ्यापुढे उलगडले. डब्याच्या तळातले दाणे, मोजून शंभर. चुलीच्या उबेला ठेवले होते. त्यांतल्या सत्तावन्न दाण्यांना पांढरे मोड आले होते. मी स्वतः दोनदा मोजले.

वाचकहो, दरवर्षी मे महिन्यात मी गावोगाव ओल्या गोणपाटात शंभर दाणे ठेवून उगवण तपासायचे प्रात्यक्षिक करतो. किती गावांत केले असेल याचा हिशेब नाही. "नुसत्या डोळ्यांवर भरवसा ठेवू नका," हे माझे ठरलेले वाक्य. आणि इथे परक्या मुलखात, एका म्हातारीच्या आयुष्यभराच्या बियाण्याचा निकाल मी वासावर लावला होता. तिने माझे ऐकून डबा उकिरड्यावर ओतला असता तर? हा विचार अजूनही रात्री कधी तरी येतो. मी आमांना म्हणालो, "माझी चूक झाली." त्यांना ते काही फारसे मोठे वाटले नाही. "निम्म्याच्या वर आहे," त्या म्हणाल्या, "बी जरा दाट टाकायचं, एवढंच." मग आम्ही वरचा बुरसटलेला थर काढून टाकला, खालचे बी दोन दिवस उन्हात वाळवले आणि कोरड्या राखेत पुन्हा भरले. झाकण लिंपायचे काम त्यांनी मला दिले नाही.

जेवणाचे सांगितले नाही तर घरातल्या मंडळींना हा लेख अपुरा वाटेल. रोजचे जेवण ढिंडो आणि गुंद्रुक. ढिंडो म्हणजे उकळत्या पाण्यात नाचणीचे पीठ वैरून घट्ट होईतो घोटायचे. त्याचा गोळा मोडून पातळ कालवणात बुडवायचा आणि न चावता गिळायचा. पहिल्या दिवशी मी चावत बसलो. गुंद्रुक म्हणजे मुळ्याचा, रायोचा पाला एक-दोन दिवस सुकवून, कुटून, मडक्यात दाबून दाबून भरायचा, हवा राहू द्यायची नाही. मीठसुद्धा नाही. काही दिवसांत तो आपल्याच रसात आंबतो, मग कडक उन्हात वाळवायचा. वर्षभर टिकतो आणि कालवणाला छान आंबटपणा येतो. आपण मुळ्याचा किती पाला टाकून देतो! घरी आल्यावर मी हा प्रयोग केला. मडके चौथ्या दिवशी घराबाहेर गेले, आणि आणखी एक दिवस ते आत असते तर मीही गेलो असतो. कालवण मात्र सौभाग्यवतींनी दोनदा मागून घेतले.

रात्री थंडी पडे. अधूनमधून जमीन हले. पत्रे खडखडले की सगळी ओळ बाहेर येई, थोडा वेळ उभी राही, नदीचा आवाज ऐके आणि पुन्हा आत जाई. कोणी त्याविषयी बोलत नसे.

दिवाळी तिथेच आली. तिला ते तिहार म्हणतात, पाच दिवसांचा. पहिला दिवस कावळ्याचा, दुसरा कुत्र्याचा. ढिगाऱ्यातून वाचलेल्या त्या कुत्र्याच्या गळ्यात झेंडूची माळ आणि कपाळाला टिळा लावला, तेव्हा तो इतका गंभीर चेहरा करून बसला की एखाद्या सत्कारमूर्तीने शिकावे. मग गाय, लक्ष्मीपूजन आणि बैल. बैलाचा दिवस म्हणजे आपला पोळाच, पण गावात बैल थोडे उरले होते. ज्यांचे गेले त्यांनी शेजारच्यांच्या बैलांना घास भरवला.

त्याच सुमाराला आरुघाटच्या बाजारात एका दुकानदाराने मला सरळ विचारले, "तुम्ही भारताचे ना? मग तुमचे ट्रक का थांबलेत? बघा, तेलाचा भाव काय झालाय." दुकानात गोडेतेलाचे डबे जवळजवळ रिकामे होते. मला उत्तर देता आले नाही. मी खाली बघत राहिलो. बहिनी सोबत होती. ती पुढे झाली आणि दुकानदाराला काहीतरी तोडून बोलली. चढ चढताना मी नातीला विचारले, आई काय म्हणाली? ती म्हणाली, "आई म्हणाली, हा माणूस आमचे दगड उचलायला आलाय, ट्रक अडवायला नाही."

१३ नोव्हेंबरला भाईटीका, आपली भाऊबीज. आयुष्यात पहिल्यांदा मी त्या दिवशी माझ्या बहिणीच्या दारात नव्हतो. सकाळी बहिनीने अंगणात चटई घातली आणि मला बसवले. तिचा भाऊ मलेशियात, पाट रिकामा कशाला ठेवायचा, असे आमा म्हणाल्या. तिने माझ्याभोवती फिरून तेला-पाण्याची धार धरली, सीमेसारखी. तिच्या आत यम येत नाही म्हणतात. मग उंबऱ्यावर अक्रोड फोडला. पत्र्याच्या घराला उंबरा कुठला? जुन्या घराचा दगडी उंबरा तिने ढिगाऱ्यातून काढून दारात मांडला होता, त्याच्यावर. कपाळावर सात रंगांचा टिळा उभा ओढला, गळ्यात मखमली नावाच्या जांभळ्या फुलांची माळ घातली. ही फुले वाळली तरी रंग सोडत नाहीत. आणि ताटात सेल रोटी. तांदळाच्या पिठाची, कड्यासारखी गोल, तळलेली.

तळलेली. चौथी सेल तोंडात असताना माझ्या लक्षात आले. तीन आठवडे त्या घरात कालवणाला फोडणी बसली नव्हती. मला वाटले होते, यांची पद्धतच तशी.

मी ओवाळणी म्हणून घोंगडी घातली. दुसरे जवळ होते काय? धनगराच्या मागावरची, काळी. आमांनी ती हाताने चाचपून पाहिली, लोकर ओळखली आणि मान डोलावली.

घरी परतलो तेव्हा तुळशीचे लग्न उरकायला आले होते. बहीण जुन्नरजवळ दिलेली. ती तबक तयार ठेवूनच बसली होती. आधी ओवाळले, मग रागावली. माळ तिने हातात घेऊन उलटसुलट पाहिली आणि सगळी हकीकत खोदून खोदून विचारली. सेलचे ऐकून गप्प झाली. मग म्हणाली, "म्हणजे त्यांचं जपून ठेवलेलं तेल तू एका बैठकीत खाऊन आलास, आणि एक घोंगडी ठेवून आलास." त्यानंतर मी जेव्हा जेव्हा जुन्नरला गेलो, तेव्हा पाणी पुढे करण्याआधी तिचा प्रश्न ठरलेला, "तेल आलं का रे त्यांच्याकडे?"

फेब्रुवारी २०१६ मध्ये सीमा मोकळी झाली. फोन लागला तेव्हा नातीने सांगितले, ट्रक येऊ लागले, तेल मिळते. मी लगेच बहिणीला कळवले.

जूनमध्ये पुन्हा फोन केला. आमच्याकडे नाचणीच्या रोपांची गडबड चाललेली होती, त्यांच्याकडेही. आमांना थोडे कमी ऐकू येते, त्यामुळे त्या फोनवर समोरच्या डोंगरावरच्या माणसाशी बोलावे तशा ओरडून बोलतात. नातीच्या हातून फोन घेऊन त्या काही तरी ओरडल्या. पोरगी हसत सुटली. मी विचारले, काय म्हणतात?

"डब्यातलं बी वाफ्यात टाकलं म्हणतात. दाट टाकलं."

मी हसलो. ते त्यांना ऐकू गेले नसावे, कारण त्या पुन्हा एकदा तेच ओरडल्या.